तात्यांचं गॉलिश

आमच्या शेजारच्या तात्यांसमोर नवी गाडी उभी करायची सोय नाही. माझ्या भाच्यानं हौसेनं कार घेतली, पेढे वाटत आमच्या गावाला, चकलांब्याला आला. तात्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "कार म्हंजी काय रं?"

"गाडी."

"त्ये लेकरालाबी कळतं. शब्दाचं खानदान इचारलं मी."

मग बोनेटवर हात ठेवून त्यांनी सांगितलं, की हा शब्द मूळचा गॉलिश. 'कारोस' म्हणजे छकडा. स्वीडनवाले मात्र 'ऑटोमोबिल'ची नुसती शेपटी ठेवून गाडीला 'बील' म्हणतात. भाचा नारळ हातात घेऊन तसाच उभा.

तात्या आमचे माजी सरपंच. गॉलिश ही फ्रान्सकडची जुनी, कधीच मरून गेलेली भाषा. स्वीडिश चांगली जिवंत. दोन्ही त्यांनी मोबाइलवरून पकडल्या.

"हीच दोन काहून, तात्या?" मी एकदा वैतागून विचारलं.

"गॉलिशवाले समदे मेलेत. आन स्वीडनहून हितं कोन येतंय? कुनी चूक काढत न्हाई."

माणूस लई बेरकी. गाव हसायचं, मीही हसायचो. पण काकूंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, लकवा झाला, वाचा गेली, आणि त्यानंतरच हे वेड सुरू झालं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सारखं बोलत राहा त्यांच्याशी. बोलणं परत येईल, कदाचित नाहीही येणार.

"काय बोलू, सांग," तात्या मला म्हणाले. "जलमभर गावाशी बोललो. हिच्याशी बोललो ते 'च्या ठेव' आन 'पाव्हणे आलेत'. दोन दिसात सरलं की. मंग शब्द आनतो धुंडून, आधी गावात बोलून बघतो, मंग हिला सांगतो."

परवा दूध द्यायला गेलो, तर खाटेजवळ बसून चालूच होतं. "स्वीडिशमदी 'बार्न' म्हंजी लेकरू. आपला भार हाय ना, त्याच खानदानातलं. आईनं वाहिलं ते बार्न. आन गॉलिशात आईला..."

"बास," काकू म्हणाल्या. मग दम घेऊन, अडखळत, "बास... करा की."

ग्रामसभेत ज्यांना कधी कुणी थांबवू शकलं नाही, ते तात्या जागच्या जागी गप झाले. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, पुन्हा पुसले.

"केलं बास," ते म्हणाले आणि स्टूल खाटेला भिडवलं. "आता तू बोल."