आईच्या वयाचा खुलासा

कागदपत्रांच्या बाबतीत आपला हात धरणारा डॉक्टर अख्ख्या लातूर जिल्ह्यात नाही, असं रेणापूरच्या डॉक्टर रामलिंग पाथरकरांचं ठाम मत होतं. आणि हे मत ते कुणी न विचारताही सांगायचे!

रामलिंग तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एमडी फिजिशियन. वय बेचाळीस. राजपत्रित अधिकारी असल्यामुळे गोल शिक्का कायम खिशात. कपाटात एक निळी फाइल. फाइलीत मेडिकल कौन्सिलचं नोंदणीपत्र, पुढच्या पाच वर्षांसाठी मुदतीच्या आधीच नवं करून आणलेलं. त्यासाठी तीस क्रेडिट पॉइंट लागतात. बाकीचे डॉक्टर लातूरच्या परिसंवादांना जेवणाच्या सुमाराला उगवायचे. आमचे रामलिंगराव मात्र सतरंजी अंथरणाऱ्याच्याही आधी हजर!

हाताखालच्या डॉक्टरांना त्यांचा एकच उपदेश असायचा.

"कोऱ्या कागदावर सही करायची नाही. सख्ख्या बापानं सांगितलं तरी नाही!"

पुढच्या आयुष्याचाही आराखडा तयार होता. नांदेडच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यानं त्यांना आयसीयूचा प्रमुख म्हणून बोलावलं होतं. एक तारखेला रुजू व्हायचं. येताना तीन कागद आणायचे: चालू नोंदणीपत्र, डॉक्टरच्या हातून काही चूक झाली तर उपयोगी पडणारा इंडेम्निटी विमा, आणि आयुर्विमा. एकही कागद कमी पडला तर जागा यादीतल्या दुसऱ्या नंबरला. इकडचा राजीनामा तर मंजूरही झालेला! म्हणजे विमा अडकला की रामलिंगराव ना रेणापूरचे, ना नांदेडचे.

"काळजीच करू नका साहेब," विमा एजंट अमरनाथ म्हणाला. उदगीरकडचा हा माणूस इतका गोड बोलायचा, की हप्ता भरतानाही बरं वाटायचं. "दोन्ही विमे एकाच पॅकेजमधे बसवतो. फक्त घरच्यांची माहिती लागंल. आईचं, वडिलांचं, भावाचं वय. आधार कार्डाच्या झेरॉक्ससकट."

रामलिंगरावांनी झेरॉक्स जोडल्या, फाइल दिली आणि निवांत झाले.

आठव्या दिवशी अमरनाथ आला तो कपाळाचा घाम पुसतच.

"साहेब, कंपनीनं खुलासा मागितलाय. तुमच्या आई तुमच्याहून नऊच वर्षांनी मोठ्या कशा?"

"काय?"

"तुमचा जन्म त्र्याऐंशीचा. आईंच्या कार्डावर एक जानेवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तर. कंपनी म्हणती, अर्जदार स्वतः डॉक्टर हायत, त्यांनीच समजावून सांगावं!"

रामलिंगरावांनी झेरॉक्स डोळ्याजवळ नेली. खरंच की! क्रेडिट पॉइंट मोजून मोजून लावणाऱ्या या माणसानं आईच्या कार्डावरची तारीख कधी वाचलीच नव्हती.

ते तडक घरी गेले. आई, म्हणजे धोंडाबाई, ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या.

"आई, तुझा जन्म कधीचा?"

"मला काय ठावं? मी तवा लहान होते."

"मग कार्डावर चौऱ्याहत्तर कुणी लिहिलं?"

"त्या कॅम्पातल्या पोरीनं. म्हनली, मावशी, वय सांगा. मी म्हनलं, तूच बघ बाई आन् लिव. तिनं लिवलं. दिसत असंन मी तेवढी!"

रामलिंगरावांच्या बायकोनं, शाळेत शिकवणाऱ्या ऋतुजानं, पदर तोंडाला लावला. हसू काही केल्या दबेना.

मग हिशेब सुरू झाला. बहात्तरच्या दुष्काळात धोंडाबाई खडी फोडायला जायच्या, तेव्हा तेरा वर्षांच्या होत्या. हे त्यांना पक्कं आठवत होतं, कारण त्याच साली त्यांचं लग्न ठरता ठरता मोडलं होतं. "बरं झालं मोडलं," त्या म्हणाल्या, "पोरगं लई किरकिरं होतं." म्हणजे जन्म एकोणसाठचा. आजचं वय सहासष्ट.

"झालं तर!" रामलिंगराव हसले. "उद्या पंचायत समितीत आधारचा कॅम्प आहे. राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचा फॉर्म दिला की तारीख दुरुस्त. आणि राजपत्रित अधिकारी कोण? मी!"

दुसऱ्या दिवशी ओपीडीत जत्रा भरलेली. एक पेशंट टेबलावर, दोन खुर्चीवर, चौथा खिडकीतून जीभ दाखवतोय! तेवढ्यात धोंडाबाई आल्या. सोबत शेजारची साखराबाई.

"रामा, सही दे. कॅम्प दोनला बंद होतो म्हनं."

रामलिंगरावांनी फॉर्म घेतला, सही ठोकली, शिक्का मारला. जन्मसालाची जागा कोरी होती.

"तिथल्या माणसाला एकोणसाठ लिहायला सांग. एकोणसाठ! लक्षात राहील ना?"

"हाव, हाव. मी काय येडी हाय?"

आणि धोंडाबाई गेल्या. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हा उपदेश त्या वेळी रामलिंगरावांच्या टेबलाच्या काचेखाली स्वच्छ अक्षरात लिहिलेला होता.

पावती दाखवली आईनं. घडी घातलेली, मूठभर शेंगांसोबत. रामलिंगरावांनी शेंगा खाल्ल्या आणि पावती तशीच अमरनाथला धाडून दिली. कार्ड आलं, तेही परस्पर पाठवलं.

महिना संपायला चार दिवस उरले होते. अमरनाथ आला. या खेपेला घाम पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"साहेब, कंपनीचं दुसरं पत्र. पंधरा दिवसात तुमच्या आई एकतीस वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या!"

"अरे, काय बोलतोस?"

"कार्डावर एकोणीसशे त्रेचाळीस हाय. म्हंजी वय ब्याऐंशी. तुमच्या वडिलांपेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या! आन् कंपनी म्हणती, ही तारीख खरी असल्याचं लिवून देणारा डॉक्टर कोण, तर अर्जदारच. खाली तुमची सही. गोल शिक्क्यासकट."

रामलिंगराव खुर्चीत बसले. बीपीचं मशीन समोरच होतं, पण लावायची छाती होईना.

"साहेब, राग मानू नका," अमरनाथ हळूच म्हणाला. "इंडेम्निटी विमा असतो डॉक्टरच्या चुकीसाठी. तुम्ही तर विमा लागू व्हायच्या आधीच चूक करून बसलात!"

घरी आल्यावर रामलिंगरावांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"त्रेचाळीस? कुणी सांगितलं तुला त्रेचाळीस?"

"त्या कॅम्पवाल्या बाबानं इचारलं, आजी, निजामाच्या वेळचे रझाकार आठवतात का? मी म्हनलं, आठवतात की! ज्वारीत लपलो होतो आम्ही."

"ती तुझ्या सासूची गोष्ट आहे!"

"मग? घरातलीच हाय की. मी काय दुसऱ्याची सांगितली?"

"पण का, आई? का?"

धोंडाबाईंनी शेंगांचं सूप पुढ्यात ओढलं. साखराबाई दारातून म्हणाली, "सांग की आता! पंच्याहत्तरच्या वर एसटी फुकट हाय, डॉक्टरसाहेब. माझं कार्ड हाय तसलं. ही माझ्याहून थोडीच धाकली, पन हिला तिकीट पडतं. लई दिवसाचं सलतंय तिला."

"फुकट फिरायला? यापायी माझी नोकरी घालवतेस?"

"फिरायला न्हाई!" धोंडाबाई एकदम कडाडल्या. "तू नांदेडला चाललास. एकलाच ऱ्हाशील, ऋतुजाच्या शाळेला सुट्टी लागेस्तोवर. खाशील काय? अकरावी-बारावीला लातुरात होतास, तवा रोज सकाळी सहाच्या गाडीला डबा कोण देत होतं? कंडक्टरच्या हातापाया पडून? आता नांदेडला डबा कंडक्टर घिऊन जाईल का? मलाच जावं लागंल. रोज तिकीट काढून परवडंल का?"

रामलिंगरावांना तो डबा आठवला. कापडात बांधलेला. शेंगांची चटणी, दोन भाकरी आणि वर चिठ्ठी. आईला लिहिता येत नसल्यामुळे शेजारच्या गुरुजींकडून लिहून घेतलेली: खाऊन घे. डोळे पुसायला ते मोरीत गेले आणि तोंड धुतल्याचं नाटक करून बाहेर आले.

पुढचे तीन दिवस मात्र धावपळीला सीमा नव्हती. कॅम्पवाला म्हणाला, जन्मतारीख एकदाच बदलता येते, आता वरच्या कार्यालयात अर्ज करा, तीन महिने लागतील. अर्ज केला. वकिलाकडून शपथपत्र केलं. शेवटी कंपनीसाठी रामलिंगरावांना स्वतःच्या हातानं लिहून द्यावं लागलं: "मी कोऱ्या कागदावर सही केली. सदर चूक माझी आहे." ते हे लिहीत असताना अमरनाथनं खिडकीबाहेर पाहिलं. माणूस चांगला!

एकतीस तारखेला, दुपारी चारला, पॅकेज मंजूर झालं. एक तारखेला रामलिंगराव नांदेडला आयसीयूत रुजू झाले. नवे सहकारी भोवती जमले, तेव्हा त्यांच्या तोंडावर उपदेश आलाच होता. त्यांनी तो गिळला.

दुपारी रखवालदार सांगत आला, "साहेब, खाली तुमच्या आई आल्यात."

धोंडाबाई खाली बाकावर बसलेल्या. मांडीवर कापडात बांधलेला डबा. लोहा गावाच्या पुढं रस्ता खराब, तरी डाळ सांडली नव्हती.

रामलिंगराव शेजारी बसले. भाकरी मोडता मोडता त्यांना एकदम शंका आली.

"आई, तिकीट काढलंस ना?"

धोंडाबाई चटणी वाढत राहिल्या.

"आई! कंडक्टरला कुठलं कार्ड दाखवलंस?"

"एकच तर हाय. दुरुस्त व्हायला तीन महिने हायत, तूच म्हनलास. तवर मी ब्याऐंशीचीच की!"

"अगं, कुणी पकडलं तर?"

"कोन पकडतंय?" धोंडाबाईंनी दुसरी भाकरी डब्याच्या झाकणात टाकली. "मोठ्या डॉक्टरची सही हाय त्याच्यावर. गोल शिक्क्यासकट!"

रामलिंगराव खाली मान घालून जेवले. चटणी मात्र नेहमीसारखीच झाली होती.