त्शेको मामांसारखी दिसणारी गाय

इंटरनेटवर रोज जे काही येतं, त्यातलं खरं कुठलं, थाप कुठली आणि घरी करून बघण्यासारखं कुठलं, हे माउन गावात कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा. दितिरो हार्डवेअर, बस थांब्याच्या मागे. खिळे, पाइप, रंग आणि जगभरच्या गमती एकाच छताखाली मिळतात. गमती फुकट.

सकाळी दुकान उघडलं की आधी मी आमच्या घरच्या ग्रुपवर दुनियेतल्या चिजा टाकतो, मग गिऱ्हाईक. चौकोनी कलिंगड. मोजे घातलेली कोंबडी. कुत्र्याला नावानं हाका मारून दमवणारा पोपट. माझी बायको गोराता म्हणते की ग्रुपवरच्या सगळ्यांनी तुमचा आवाज बंद करून ठेवलाय, फक्त तुमच्या ताई तेवढ्या बघतात, कारण आवाज बंद कसा करतात ते त्यांना माहीत नाही. गोराताचा माझ्यावर जुना राग आहे. मागे एकदा इंटरनेटवर वाचून मी केळ्याच्या सालीनं तिचे चर्चला घालायचे बूट घासले होते. चमकले की! चर्चमध्ये मुंग्या आल्या, तो भाग वेगळा.

तर त्याच ताईच्या मुलाचं, ओतेंगचं, लग्न ठरलं. मुलगी सेहिथ्वाची. नाव सेथुन्या, तिथल्याच दवाखान्यात नर्स. आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यांत आईबाप गप्प बसतात आणि मामा बोलतात. आमच्या बाजूनं मी होतो. त्यांच्या बाजूनं मुलीचे मामा, त्शेको. उंच, वाळलेले म्हातारे. डोळ्यांखाली दोन पिशव्या लोंबतायत, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि उरलेल्या फटीतून ते असं बघतात की आपण न केलेली चोरीसुद्धा आपल्याला आठवते. त्यांनी माझ्या बोलण्यात, बसण्यात आणि टोपीत चुका काढल्या. शेवटी मुलीच्या माणसांना आठ गाई द्यायच्या ठरल्या, त्यातली एक रीतीप्रमाणे मुलीच्या मामाच्या वाटणीची. गाई जोडीजोडीनंच द्यायच्या असतात. सात नेल्या तर लग्न राहिलं बाजूला, पुढच्या पिढ्या त्या सातांचीच गोष्ट सांगत बसतात.

आठही गाई मी निवडल्या, आठही गुटगुटीत. गावापासून लांब, टोटेंगकडच्या रानात, आमच्या वाडग्यात, म्हणजे गुरांच्या कुंपणात ठेवल्या. आणि त्याच आठवड्यात शेजारच्या वाडग्यातली कालवड सिंहानं नेली.

ताईची झोप उडाली. ओतेंग म्हणाला, लग्न होईपर्यंत मी गाईंजवळच मुक्काम करतो. मी त्याला म्हटलं, बाळा, नवरदेवच सिंहानं नेला तर गाईंचं काय करायचं? डोकं वापर. आणि मी मोबाइल काढला.

ही गोष्ट मी महिनाभर जपून ठेवली होती. गाईच्या पुठ्ठ्यांवर, म्हणजे शेपटीच्या दोन्ही बाजूंना, मोठाले डोळे रंगवायचे. सिंह मागून दबा धरून येतो, त्याला वाटतं गाय आपल्याकडेच बघतेय, आणि तो नाद सोडतो. शास्त्रज्ञांनी करून बघितलेली गोष्ट, आणि तीही आमच्याच ओकावांगो नदीच्या बाजूला. मला मात्र ती कळली ब्राझीलमधल्या कुण्या बाईच्या पानावरून. इंटरनेट म्हणतात ते हेच.

दुकानात काळा, पांढरा आणि पिवळा ऑइलपेंट होता. शास्त्रज्ञांनी साधा, धुतला जाणारा रंग वापरला होता म्हणे. पण माझ्या दुकानाचा लौकिक टिकाऊ मालाबद्दल आहे. लोक डोळ्यांत तेल घालून गुरं राखतात, मी गुरांनाच तेलाच्या रंगाचे डोळे घातले.

ओतेंगनं शिंगं धरली, मी ब्रश धरला. पहिल्या गाईचे डोळे रागीट आले. दुसरी हलली म्हणून तिरळी झाली. तिसरी झोपाळू. चौथीच्या वेळी रंग जरा पातळ होता, तो खाली ओघळला आणि डोळ्यांखाली पिशव्यांसारखं काहीतरी झालं. मी त्यांना काळी किनार देऊन टाकली. वरच्या पापण्या पण अर्ध्यावर आणल्या, म्हणजे सारखं दिसेल. मध्ये शेपूट लांब नाकासारखी लोंबत होती. ओतेंग मान वाकडी करून म्हणाला, मामा, हिला कुठंतरी बघितलंय. मी म्हटलं, तुझ्याच वाडग्यात बघितलंयस.

सिंह आला नाही. एकदाही नाही. मी ग्रुपवर सोळा डोळ्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ज्ञान. ताईनं अंगठा दाखवला.

गाई न्यायच्या आदल्या दिवशी आम्ही डोळे धुवायला गेलो. साबणानं गाय स्वच्छ झाली, डोळे जास्त उठून दिसायला लागले. मग रॉकेल लावलं. त्यानं कडा तेवढ्या विरघळल्या आणि काळे ओघळ खाली पायांपर्यंत आले. आता ते डोळे रडत होते. रागीट होती ती संतापानं रडत होती, तिरळी होती ती दोन दिशांना रडत होती. टर्पेंटाईनचा डबा उघडल्याबरोबर झोपाळूनं जी लाथ मारली, तिची खूण माझ्या मांडीवर अजून आहे. वेळ संपला. ट्रक आला, गाई चढवल्या. मी ओतेंगला धीर दिला. पाहुणे समोर उभे असतात, गाई तोंड पुढं करून येतात, मागचं कोण बघतंय?

रीतीप्रमाणे रात्र सेहिथ्वा गावाबाहेर काढली आणि पहाटे, दिसेल न दिसेल अशा उजेडात, गाई हाकत आम्ही मुलीच्या वाडग्याशी पोहोचलो. आमच्या बायका चौकड्यांच्या शाली पांघरून, पुरुष कोट घालून. मुलीकडची मंडळी वाडग्याच्या दाराशी खुर्च्या टाकून बसलेली, मधोमध त्शेको मामा. सगळं ठरल्यासारखं झालं. गाई तोंड पुढं करून आल्या. मग त्यांच्यासमोरून तशाच पुढं, वाडग्यात गेल्या. आणि वाडग्यात शिरणारी गाय दारात बसलेल्या माणसाला काय दाखवते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

आत चारा पसरलेला होता. आठही जणी पलीकडच्या कुंपणाला तोंड लावून ओळीत उभ्या राहिल्या आणि खायला लागल्या. ऊन वर आलं, थेट त्यांच्यावर.

 मग एका म्हातारीनं शालीत तोंड घातलं आणि तिचे खांदे हलायला लागले. दुसरीनं बोटानं चौथी गाय दाखवली, मग त्शेको मामांकडे बघितलं, मग पुन्हा गाय. हळूहळू सगळ्यांच्या माना तशाच हलायला लागल्या, गाय, मामा, गाय, मामा. ते मात्र सरळ समोर बघत होते. आणि समोरून ती त्यांच्याकडे बघत होती.

मुलीच्या एका काकांनी करणीचं नाव काढलं. दुसरे म्हणाले, करणी नव्हे, हा अपमान आहे, बोलण्यांत मामांनी टोपीला नावं ठेवली त्याचा हा सूड. त्यातून कुणाला तरी वाटलं, ह्यांनी आमच्यावर पाळत ठेवायला गाई पाठवल्या. गाई परत न्या, असं तीन-चार आवाज म्हणाले. ताई खाली जमिनीवर बसली आणि तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते मला जास्त लागलं. ओतेंगचा चेहरा राखेसारखा झाला होता. पोराच्या डोळ्यांत पाणी, आणि तेही खरं.

मी पुढं होऊन सांगितलं की ही विद्या आहे, जगभर लोक हे करतात, दाखवतो. मोबाइलला रेंज नव्हती. भर मंडळींत, कोट घालून, मी ट्रकच्या टपावर चढलो. हात वर करून रेंज धरली, गाय आणि डोळे एवढंच लिहून शोधलं, पहिलं जे आलं ते उघडलं आणि खाली उतरून मोबाइल त्शेको मामांच्या हातात दिला. चष्मा गाडीत राहिला होता, म्हणून मी स्वतः काही वाचलं नाही. ठसक्यात म्हटलं, "वाचा मामा. सगळी दुनिया काय म्हणते ते वाचा."

त्यांनी वाचलं. अगदी सावकाश वाचलं. शेजारच्या काकांनी डोकावून बघितलं आणि खोकत बाजूला गेले. मग मी ओतेंगचा चष्मा ओढून घेतला आणि बघितलं.

तो आमचा ट्रक होता. आदल्या दिवशी हमरस्त्यावर आमच्या मागून येणाऱ्या कुण्या प्रवाशानं फोटो काढला होता. मागच्या फळीच्या वर तीन गाईंच्या पाठमोऱ्या बाजू, रडक्या, बटबटीत, आणि त्यातली मधली म्हणजे ती चौथी. खाली हजारो माणसं हसत होती. आणि हसणाऱ्यांत सगळ्यात वर, सेथुन्या, नवरी स्वतः! तिनं लिहिलं होतं की मधली हुबेहूब आमचे त्शेको मामा, मी उशिरा घरी आले की दारात असेच उभे असतात. गाई कुणाच्या ते तिला माहीत नव्हतं बिचारीला.

तिला बोलावून आणलं. ती आली, गुडघ्यांवर बसली. मामांनी मोबाइल तिच्यासमोर धरला. तिनं बघितलं, मग वाडग्यात बघितलं. मला वाटलं, गेलं लग्न.

ती खालमानेनं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मामा, वडील गेल्यापासून मी घरी येईपर्यंत तुम्ही कधी झोपला नाहीत. मी पहिल्यांदा तो फोटो बघितला तेव्हा हसले. मग मला रडू आलं. उद्यापासून माझ्यासाठी दारात कोण उभं राहणार?"

बायकांचं हसू थांबलं. त्शेको मामा उठले, काठी टेकत वाडग्यात गेले आणि चौथीच्या मागे जाऊन उभे राहिले. इतक्या जवळून बघितल्यावर माणूस काय काय विचार करत असेल, देव जाणे. त्यांची धाकटी बहीण, सेथुन्याची आई, जिनं रीतीप्रमाणे बोलायचं नसतं, ती बोलली. ती म्हणाली, "दादा, तुझ्यापेक्षा ती जरा प्रेमळ दिसते."

आधी मामांचा घसा खरखरला. आम्हाला वाटलं संतापलेत. पण ते हसत होते. सवय नसल्यामुळे तसा आवाज येत होता. ते बाहेर आले, माझ्यासमोर थांबले, टोपी सरळ करायला लावली आणि म्हणाले, "सात गाई घराच्या. मामाच्या वाटणीची गाय मी निवडली."

कुठली, ते विचारायची गरज नव्हती. दुपारपर्यंत मोठ्या काळ्या हंड्यांत मटण शिजवून कांडलं, बायकांनी गाणी म्हटली आणि ताई पुन्हा माझ्याशी बोलायला लागली. ती एवढंच म्हणाली की आवाज बंद कसा करतात ते मला कुणीतरी शिकवा.

पावसाळा संपल्यावर त्शेको मामा दुकानात आले. गाईचे केस झडून डोळे पुसट झाले होते. ते डोळे होते तोवर शेजाऱ्याच्या शेळ्या त्यांच्या मक्यात पाऊल टाकत नव्हत्या, आता खुशाल येतात, अशी त्यांची तक्रार होती. मी पुन्हा रंगवून द्यावेत. इकडंतिकडं बघून हळूच त्यांनी सांगितलं की या वेळी पिशव्या जरा कमी काढ.

मी स्वतः सेहिथ्वाला गेलो. महागातला ब्रश नेला, मामांना समोर खुर्चीवर बसवलं, त्यांच्याकडे बघत बघत जीव ओतून काम केलं. गाय पण शहाण्यासारखी उभी राहिली. झाल्यावर मामा मागे सरले आणि त्यांनी अर्ध्या पापण्यांमधून बघितलं.

"हा मी नाही," ते म्हणाले. "हा तू आहेस."

मी मागे सरून बघितलं. गोल, भोळे, जगातलं काहीही सांगा, विश्वास ठेवतील असे डोळे. तेवढ्यात शेजाऱ्याची शेळी कुंपणातून आत आली, गाईच्या मागे थांबली, त्या डोळ्यांत डोळे घालून क्षणभर बघितलं आणि मग अगदी निवांतपणे मक्याचं कणीस तोडलं.