डावे मांडणीत, उजवे खोक्यात

"मी येतो की!" बाबा म्हणाले, आणि घरात अशी शांतता पसरली की मोरीतला नळ ठिबकताना ऐकू यायला लागला.

झालं होतं असं. लेकीच्या गिर्यारोहण मंडळाची उन्हाळी सहल ठरली होती. उंच डोंगरात ठिकठिकाणी मुक्कामाचे लाकडी निवारे असतात. आज या निवाऱ्यावर झोपायचं, उद्या चालत पुढच्या निवाऱ्यावर जायचं, अशी सगळी मजा. पण मुलांबरोबर दोन मोठी माणसं हवीतच, असा मंडळाचा नियम. एक मंडळाची ताई होती. दुसरे जे सर यायचे होते, त्यांचा पाय ऐन वेळी मुरगळला, तोही घरातल्या पायरीवर! दुसरं माणूस मिळालं नाही तर सहल रद्द.

"बाबा, तू? डोंगरात?" लेकीच्या हातातला घास हातातच राहिला.

"का? दिवसभर शिडीवर चढउतार करतो मी. डोंगर म्हणजे काय, जरा लांबलेली शिडी!"

बाबा बुटांच्या दुकानात सेल्समन. माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी ते त्याच्या पायांकडे बघत. लग्नात बायकोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही म्हणे "पाऊल निमुळतं आहे हो," असंच म्हणाले होते. माणूस लाख मोलाचा, पण एक खोड होती: कुणी न सांगता मदत करायची. शेजाऱ्यांची सायकल नीट लावून द्यायला गेले आणि तिचं कुलूपच तोडून आले. लेक लहान असताना हे सगळं तिला भारी वाटायचं. आता ती पंधरा वर्षांची झाली होती आणि बाबांशी 'हो', 'नाही' आणि 'बघू' एवढ्या तीनच शब्दांत बोलत होती. बाबांना ते फार लागायचं. म्हणून तर त्यांना जायचं होतं. डोंगराचं काय मेलं, तो कुठे पळून जातोय!

शेवटी लेक तयार झाली, पण अट घालूनच.

"तिकडे तू काहीही करायचं नाहीस. चालायचं, जेवायचं, झोपायचं. मदत करायची नाही. प्लीज, बाबा! माझ्या सगळ्या मैत्रिणी असणार आहेत."

"बोटसुद्धा लावणार नाही कशाला!" बाबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं.

पहिल्या दिवशी बाबांनी शब्द पाळला. पाळला म्हणजे काय, मदत करण्याइतका दमच उरला नाही! वरच्या निवाऱ्यावर पोचेपर्यंत त्यांच्या तोंडाला फेस आला होता. त्यातून वाटेत पाऊस लागलेला. निवारा सांभाळणाऱ्या काकू दारातच उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

"बूट घालून आत यायचं नाही! ती बुटांची खोली. तिथे काढा, सपाता घाला आणि मग या."

बाबांनी बुटांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. मंडळाच्या मुलांचे बूट, शिवाय आधी येऊन बसलेल्या निवृत्त मंडळींच्या गटाचे बूट, सगळे एकावर एक! चिखल, लोंबणाऱ्या नाड्या, तुडवलेल्या टाचा. बरं, दोन्ही गटांनी पायथ्याच्या एकाच दुकानातून बूट भाड्याने आणलेले. सगळे तपकिरी, सगळे एकाच जातीचे. बाबांनी डोळे मिटले, अट आठवली आणि निमूटपणे जेवायला गेले.

जेवण त्यांच्या घशाखाली उतरेना. सूप पिताना बूट दिसत होते, पाव मोडताना बूट दिसत होते. जेवणानंतर मुलं पत्ते खेळायला बसली, तसे बाबा हळूच उठले. एकच, फक्त एकच बूट सरळ करून यायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं.

आता तुम्हीच सांगा, एका बुटावर कोण थांबलंय?

त्यांनी सगळे बूट पुसले. आत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले. नाड्या आत खोचल्या. लहान मापापासून मोठ्या मापापर्यंत लावायला घेतले, तर भिंतीवरची मांडणी अपुरी! जोड्या काही मावेनात. दिवसभराच्या दमणुकीने डोळे मिटत होते, पण हात थांबले नाहीत. आयुष्यभर दुकानात जे केलं तेच हातांनी केलं: डावा बूट मांडणीत, उजवा आत खोक्यात! पलीकडच्या कोठीत लाकडी खोके छान कोरडे, रिकामे पडलेच होते. बाबांनी सगळे उजवे बूट त्यांत मापवार भरले, वरून कागद अंथरला आणि दोन पावलं मागे सरकून मांडणीकडे पाहिलं. सगळी टोकं एका ओळीत! त्यांना अगदी भरून आलं. सकाळी लवकर उठायचं आणि ज्याचा त्याला जोड काढून द्यायचा, की लेकही म्हणेल, वा बाबा! असा मनसुबा रचून ते झोपायला गेले.

सकाळी बाबांना जाग आली ती आरडाओरड्याने.

"चोरी! चोरी झाली!" निवृत्त मंडळींचे पुढारी एक माजी न्यायाधीश होते, ते एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात सपात घालून लंगडत होते. "उजवा बूट नाही माझा!"

"माझाही नाही!"

"कोल्ह्याने नेला असेल," चष्मिश म्हणाली. ही लेकीची जिवलग मैत्रीण.

"सगळ्यांचे उजवेच? एवढा शिकलेला कोल्हा?" मुलांमधला सगळ्यात उंच, उंच्या, म्हणाला.

लेक मांडणीसमोर उभी होती. मापवार ओळ. आत खोचलेल्या नाड्या. तिने हळूहळू मान वळवून बाबांकडे पाहिलं आणि तिचे कान लाल झाले. बाबा कोठीकडे सुटले. कोठी रिकामी!

"काकू! इथले खोके?"

"ते होय? सकाळी तारेवरच्या पाळण्याने खाली पाठवले. सामान वर येतं, रिकामे खोके खाली जातात. रोजचंच आहे."

"अहो, ते रिकामे नव्हते!" बाबा ओरडले.

अख्ख्या निवाऱ्याच्या माना बाबांकडे वळल्या.

न्यायाधीश सपात फटफटवत पुढे आले. "म्हणजे हे तुम्ही केलंत?"

"व्यवस्थित लावून ठेवत होतो, साहेब."

"उजवेच का?"

"दुकानात तसंच करतात. डावा बाहेर, उजवा आत. चोराने एक बूट नेला तरी तो करणार काय त्याचं?"

"आणि आम्ही एका बुटाचं काय करायचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

काकूंनी पायथ्याला फोन लावला. खोके पोचले होते, बूटही होते. पण वारा सुटला होता, आणि वाऱ्यात तारेवरचा पाळणा चालवत नाहीत. वारा पडला की पाठवतो, म्हणाला तिथला माणूस. कधी पडेल? ते वाऱ्याला विचारा! ताईचा चेहरा उतरला. दुपारपर्यंत निघालो नाही तर अंधाराच्या आत पुढचा निवारा गाठता येणार नाही, तिथल्या जागा जातील, मग उद्याच्याही, म्हणजे सहल इथेच संपली आणि सगळ्यांनी घरी.

मुलं खिडकीशी बसून झाडं किती हलतात ते बघत राहिली. लेक कुणाच्याच शेजारी बसली नाही. बाबांना वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. ते ताईला म्हणाले, "मी सपाता घालूनच खाली उतरतो. तुम्ही जा पुढे मुलांना घेऊन."

"काका, तुम्ही गेलात तर मोठं माणूस एकच उरतं. सहल आपोआप रद्द!"

घ्या! बिचाऱ्याला तोंड लपवून पळायचीही सोय नव्हती.

जेवणाच्या सुमाराला वारा पडला आणि पाळणा वर आला. सगळे धावले. पण खालच्या माणसाला खोके हवे होते, म्हणून त्या पठ्ठ्याने सगळे बूट एका पोत्यात कोंबून पाठवले होते! पोतं उलटं केलं आणि जी झुंबड उडाली ती विचारू नका. सारखे बूट, सारखा रंग. उंच्या एक बूट ओढतोय, त्याचंच दुसरं टोक न्यायाधीशांच्या हातात. "माझा आहे!" "पुरावा काय?" एक आजी दोन उजवे बूट छातीशी धरून कोपऱ्यात बसल्या होत्या; म्हणे, यातला एक तरी माझा असेलच.

"सगळे खाली बसा!"

आवाज लेकीचा होता. ती बाकावर चढून उभी होती. "एका ओळीत! सपाता काढा! बाबा, स्टूल घे. मी माप सांगते, तू घाल."

लहानपणी सुट्टीत ती दुकानात येऊन बसायची, खोक्यांवरची मापं वाचून दाखवायची. बाबांनी स्टूल ओढलं. डोळे भरून आले होते, समोरचं पाऊल नीट दिसेना.

"आठ! रुंद पाऊल!"

"आलो! हं, टाच मागे दाबा. बोट कुठे टेकतंय? चालून बघा साहेब, सैल वाटला तर दुसरा दाखवतो!"

न्यायाधीश हसू आवरत दोन पावलं चालले. "बरा आहे. घेतो."

हशा पिकला. चष्मिश नाड्या बांधायला बसली, उंच्या बूट शोधून आणून द्यायला लागला, आणि सगळ्यांच्या पायांत दोन-दोन बूट आले. शेवटचा उरलेला बूट बाबांच्या वाट्याला आला. तो त्यांना चांगलाच घट्ट होत होता. म्हणजे कुठेतरी गडबड झाली होती आणि कुणीतरी बाबांचा बूट घालून आरामात चाललं होतं. पण परत सगळ्यांचे बूट काढायला लावायचे? बाबांनी बोटं आखडली, पाय आत कोंबला आणि "एकदम फिट!" म्हणून जाहीर केलं.

चढावर दर पावलाला त्यांना ब्रह्मांड आठवत होतं. पण सांगतो तुम्हाला, असं सुख त्यांना कितीतरी दिवसांत मिळालं नव्हतं. कारण लेक सबंध वाट त्यांच्याच शेजारून चालली. काठी दिली, पाणी दिलं, गप्पा मारल्या. शाळेतल्या, मैत्रिणींच्या, गणिताच्या बाईंच्या. तीन शब्दांच्या वर, पुष्कळच वर!

अंधार पडायच्या आत पुढचा निवारा आला. बाबा बुटांच्या खोलीकडे वळले तर दारात उंच्या आडवा.

"सॉरी काका. तुम्हाला एकट्याला आत जायची परवानगी नाही. आम्ही ठरवलंय, रोज एकाने तुमच्यावर नजर ठेवायची. दिवसभर."

म्हणजे ती काठी, ते पाणी, त्या गप्पा… बाबा बाकावर बसले आणि खाली मान घालून नाडी सोडायला लागले. लेक शेजारी येऊन टेकली.

"आज तुझी ड्यूटी होती होय?" बाबांनी हसायचा प्रयत्न केला. "छान केलीस हो."

"माझी नव्हती," ती म्हणाली. "उंच्याची होती. त्याला माझं चॉकलेट दिलं आणि मागून घेतली."

बाबांनी मोठ्या मायेने लेकीचा चिखलाने भरलेला बूट काढला, पुसला आणि मांडणीत ठेवायला हात पुढे केला.

"बाबा," लेक म्हणाली, "हात मागे."