स्वयंपाकघराची चौकट : एक खोटा दस्तऐवज

घर रंगवून घेण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! म्हणूनच बायको बहिणीकडे राहायला गेली, तशी मी रंगारी बोलावला. ती परत येईल तेव्हा घर ओळखू येता कामा नये, अशी जिद्द होती. ती पुरी झाली.

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट घासून, भेगांत लांबी भरून, पांढरीशुभ्र करून रंगारी हात पुसत बाहेर आला.

"साहेब, चौकटीवर फार घाण होती हो. पेन्सिलीच्या रेघा, काय काय आकडे. सगळं साफ केलं. त्याचे वेगळे पैसे नाही लावत."

माझ्या हातातला चहा जागीच गार झाला.

ती घाण म्हणजे आमच्या थोरलीच्या आणि धाकट्याच्या उंचीच्या खुणा होत्या. दर वाढदिवसाला बायकोने स्वतः मारलेल्या. सगळं घर ओल्या फडक्याने पुसणारी ही बाई त्या तेवढ्या लाकडाला वळसा घालून पुसायची. मुलांच्या लहानपणाचं तिच्याकडे एवढंच शिल्लक होतं, आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती!

रंग सुकताच मी पेन्सिल काढली. स्मरणशक्ती माझी तल्लख आहे, पण खात्री करून घ्यावी म्हणून दोन्ही मुलांना एकदमच फोन लावला.

"बाबा, मी तिला सातवीत गाठलं होतं," धाकटा म्हणाला.

"सातवीत?" थोरली कडाडली. "नववीत! तेही डोक्यावरचा कोंबडा धरून! बाबा, त्याच्या नादी लागू नका."

तिने फोन ठेवल्यावर धाकटा हळूच म्हणाला, "बाबा, माझी रेघ दोन बोटं वर घ्या. तेवढं एक कराच."

घेतलं. मुलगा आयुष्यात प्रथमच काही फुकटचं मागत होता. थोरलीला याचा वास लागला, आणि तिने न्याय मागायला थेट मामाला फोन केला.

मामा म्हणजे माझा मेहुणा. चाळीस वर्षं फौजदारी वकिली केलेला. अशा माणसाला निवृत्त करू नये. तो घरोघरी गुन्हे शोधत फिरतो. अर्ध्या तासात चष्मा पुसत दारात हजर!

"भाऊजी, पेन्सिल खाली ठेवा. तुम्ही दस्तऐवजाला हात लावताय."

"अरे, ही चौकट आहे!"

"कायद्याला कागदाची अट नाही. लाकूड चालतं, दगड चालतो. त्यावर अक्षरं, आकडे किंवा खुणा असाव्यात, आणि पुरावा म्हणून त्यांचा उपयोग व्हावा, बस्स. ताईने या रेघा कशाला मारल्या होत्या? शोभेला?"

रंगारी शिडीवरून हळूच खाली उतरला. "वकीलसाहेब, मी नुसतं घासलं."

"दस्तऐवज नष्ट करणे. त्याचं कलम वेगळं आहे."

रंगारी डब्यावर बसला. डब्याला झाकण नव्हतं, पण त्या क्षणी ती त्याची सर्वांत लहान काळजी होती.

"मला वाटलं घाण आहे हो!"

"मग सुटलात. हेतू अप्रामाणिक लागतो. म्हणजे एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी." मेहुण्याने खिशातून टेप काढून चौकटीला लावली. "भाऊजी, धाकट्याला दोन बोटं लाभ. थोरलीची तेवढीच हानी. हेतू?"

"शांतता!"

"कोणाची?"

"माझी."

"म्हणजे लाभार्थी दोन," तो समाधानाने म्हणाला.

"अरे, पण मुलं खरीच वाढली होती ना! थोडं इकडेतिकडे झालं तर ते खोटं कसं?"

"तिथेच सगळे फसतात. मजकूर खोटा असला म्हणून दस्तऐवज खोटा होत नाही. तो दुसऱ्यानेच केलाय असं भासवलं, की होतो. या रेघा ताईच्या म्हणून खपवल्यात, तर बनावट. स्वतःच्या म्हणून सांगितल्यात, तर नुसती थाप. आणि थाप मारायला संसारात बंदी नाही."

"मग करू काय?"

"खाली सही करा. तारीख आजची घाला."

गुन्ह्यातून सुटायचा मार्ग म्हणजे गुन्हा लिहून देणे, हे मला तेव्हा कळलं. 'वरील खुणा माझ्या हातच्या, अंदाजाने' असं लिहून मी सही ठोकली. साक्षीदार मेहुणा. रंगाऱ्यालाही साक्षीदार करणार होतो, पण तो पाठीमागून पूर्ण पांढरा होऊन घरी गेला होता.

सकाळी बायको आली. पिशवी खाली ठेवली आणि पाणी प्यायला वळली, ती चौकटीपाशीच थांबली. सगळं वाचलं. मग जिथे पूर्वी सर्वांत खालची रेघ होती, तिथे वाकून बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मी आणि साक्षीला थांबलेला मेहुणा शाळेतून तक्रार आलेल्या पोरांसारखे उभे.

"कायद्याने हे बनावट नाही," मी म्हणालो.

"नाही ना? बरं झालं." तिने बोट काढलं. "मुलं आहेत ना जागच्या जागी? मग झालं. पेन्सिल आणा."

मी धावत जाऊन आणली.

"आता तिथे पाठ लावून उभे राहा."

"मी? कशाला?"

"या वयात माणूस आखडत जातो म्हणतात. दर वर्षी बघत जाऊ."

टाळूवर पट्टी टेकली, रेघ पडली. सही तिची, तारीख खरी, साक्षीदार तिचाच भाऊ. असा अस्सल दस्तऐवज मी जन्मात पाहिला नव्हता!

यंदाची मोजणी परवा झाली. रेघ खाली येऊ नये म्हणून मी टाचा जराशा उचलल्या. गुन्हा नको, म्हणून मेहुण्याला आधीच विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, याला बनावट दस्तऐवज म्हणता येत नाही. एखाद्या उंच माणसाची तोतयेगिरी म्हणता येईल, पण त्यासाठी समोरचा फसावा लागतो.

बायको म्हणाली, "अहो, टाचा."