शत्रू पात्र, प्रजा अपात्र

अधीक्षकाचं पद सहा वर्षं रिकामं होतं. ते भरण्यासाठी संचालकांनी अर्ज मागवले, मुलाखती घेतल्या, त्या रद्द केल्या आणि शेवटी उमेदवारांची नेतृत्वक्षमता तपासण्यासाठी संगणकावरचा साम्राज्य उभारण्याचा खेळ लावला. जिंकेल तो अधीक्षक.

हेडक्लार्कना सगळे परिशिष्टकाका म्हणत, कारण परिशिष्ट जोडल्याशिवाय त्यांच्या हातून कागद सुटत नसे. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि हे पद त्यांना अगदी मनापासून हवं होतं. सकाळी डबा देताना बायको म्हणाली होती, "अहो, या वेळी तरी हातात ऑर्डर घेऊन या. मी शेजारी सांगून बसलेय."

समोर नोंदणी विभागातल्या बाई होत्या. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत घोडदळ उभं केलं. काकांनी सोन्याची खाण घेतली, बाजार बांधला, खजिना तुडुंब भरला. सैनिक मात्र एकही ठेवला नाही, कारण भरतीला वरून मंजुरी लागेल असा त्यांचा समज होता.

"काका, पळा! वेशीवर आलेय मी!" बाई ओरडल्या.

काकांनी चष्मा पुसला आणि बाईंच्या घोडदळाला 'आक्रमण-प्रतिबंधक अनुदान' पाठवलं. घोडदळ माघारी गेलं. पुढच्या फेरीत ते दुप्पट होऊन आलं, काकांनी अनुदानही दुप्पट केलं. बातमी फुटताच संगणकाची चार राज्यं, ज्यांचं काकांशी काहीच वाकडं नव्हतं, घाईघाईने वाकडं करून हजर झाली. काका हरखले. त्यांच्या एखाद्या योजनेला जन्मात एवढा प्रतिसाद मिळाला नव्हता. उत्साहाच्या भरात त्यांनी धान्याची कोठारंही विकून टाकली.

पडद्यावर सूचना आली: प्रजा उपाशी आहे. मदत द्यावी?

"प्रजेने आक्रमण केलेलं नाही, सबब अपात्र," काका म्हणाले.

"अहो काका, मरतील ना ती माणसं!" बाई शत्रू असूनही कळवळल्या.

"नियम मीच केलाय म्हणून मीच मोडू?"

प्रजाही काही खुळी नव्हती. तिने कोयते उचलले आणि राजवाड्यावर चालून आली. काकांना भरून आलं. "झाले! सगळेच्या सगळे पात्र झाले!" असं ओरडत त्यांनी उरलासुरला खजिना तिच्यावर उधळला. खेळ संपला तेव्हा साम्राज्यात प्रजा शून्य, शत्रू सहा आणि सगळे समाधानी होते. समाधानाचे गुण इतके साठले की संगणकाने काकांना विजयी घोषित केलं.

संचालकांनी काकांची पाठ थोपटली, त्यांचं धोरण तत्काळ कार्यालयाला लागू केलं आणि त्या धोरणानुसार अधीक्षकपदाची ऑर्डर काढली. बाईंच्या नावाने.

"साहेब, जिंकलो मी," काका म्हणाले.

"म्हणूनच तर तुमचं धोरण घेतलं! बाईंनी मघाशी येऊन माझं टेबल उलथवायची धमकी दिली. त्या पात्र ठरल्या. तुम्ही तेहतीस वर्षांत साधं पेन आपटलं नाहीत. तुमच्यापासून धोका तो काय?"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकोला काय तोंड दाखवायचं? त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलला, केबिनच्या काचेवर नेम धरला आणि हात तसाच थांबवला.

"साहेब, काच फोडण्यासाठी विहित नमुन्यातला अर्ज कुठे मिळेल?"

"खिडकी क्रमांक चार. रांग आहे."

काका रांगेत उभे आहेत, तुमच्या अगदी मागेच. हवं तर वळून बघा. पण नकोच, तेवढ्यात तुमचा नंबर जायचा.