पुंजाजीभाऊंच्या जादूचे नियम

अकोल्याकडच्या मालेगावच्या आठवडी बाजारात एकदा एका जादूगाराने रिकाम्या टोपलीतून कबुतर काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे शेजारी पुंजाजीभाऊ मात्र मेथीचं गाठोडं खाली ठेवून गर्दीतून पुढे घुसले आणि अतिशय गंभीरपणे त्याला म्हणाले, "इथं कबुतर वाढलं, तं कुठं घटलं?" जादूगार हसला. भाऊ हसले नाहीत. तो सामान आवरून निघाला तेव्हा ते बसस्टँडपर्यंत त्याच्या मागे गेले. शेवटी त्या बिचाऱ्याने कंटाळून त्यांना अंगरख्याच्या आतला कप्पा दाखवला. भाऊ समाधानाने परतले. माणूस लबाड असला तरी नियमाने चालणारा आहे, असं त्यांचं मत पडलं. तोवर निम्मी मेथी शेळीने खाल्ली होती. ती कुठे घटली, हे त्यांना विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

पुंजाजीभाऊंचं गावालगत भाजीपाल्याचं वावर आहे आणि ते कादंबरी लिहितात. राजे, मंत्र, उडणारे घोडे असं सगळं असलेली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, एवढ्याच अपराधापायी ती गेली नऊ वर्षं माझ्या मानगुटीवर बसली आहे.

त्यांच्या राज्यात जादू जमिनीखाली असते, पाण्यासारखी. ती विहिरीतून उपसायची, दांडातून म्हणजे पाटातून न्यायची, आणि वाटेत ती मुरते. म्हणून लांबच्या माणसावर मंत्र टाकायचा तर उपसा जास्त. एका वाफ्यात सोडली की दुसऱ्याचं तोंड बंद करावं लागतं. एकाच जागी तोच मंत्र तीनदा टाकला तर जमीन थकते आणि वर्षभर तिथे साधं लिंबूसुद्धा हवेत तरंगत नाही. जादूचं माप जुडी. घोडा उडवायला चाळीस जुड्या लागतात. यांचे जादूगार झगे घालत नाहीत, डोक्याला दुपट्टा बांधून खांद्यावर फावडं घेऊन हिंडतात.

एका रविवारी सकाळी सहा वाजता भाऊ माझ्या दारात उभे. उडणाऱ्या माणसाला भाकरी किती लागतील? मी डोळे चोळत काहीतरी आकडेमोड केली आणि चार म्हणालो. तर म्हणाले, वच्छला सात म्हणते, उतरताना आपटू नये म्हणून बी जोर लावा लागते म्हणते. मी पुन्हा हिशेब केला. उतरायचं मी विसरलोच होतो. त्या दिवशी चौथी शिकलेल्या बाईने माझी पदवी खाली बसवली.

वच्छलावहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी. रोज दुपारी चारनंतर वावरातल्या निंबाखाली बसून त्या दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत, आणि भाऊ समोर बसून नवी पानं वाचून दाखवत. महाल मंत्राने उभा राहिला, मग चुना कोणी कालवला? माणूस अदृश्य झाला, पण त्याने खाल्लेली भाकर पोटात दिसते का? अशी एकेक शंका निघाली की भाऊ चरफडत, पानं फाडत, दोन दिवस जेवताना बोलत नसत, आणि मग सगळं नव्याने लिहीत. खरं सांगायचं तर त्या जादूचा एकही नियम भाऊंनी आपल्या डोक्यातून काढलेला नव्हता. ते सगळे वहिनींच्या शंकांना भिऊन केलेले होते.

वहिनी जाऊन तीन वर्षं झाली. कादंबरी शेवटच्या प्रकरणावर अडकली आहे. त्यातल्या सोमदत्त जादूगाराला आपली मेलेली बायको परत आणायची आहे आणि ते नियमात बसत नाही. भाऊंनी किती वाटा लिहून पाहिल्या आणि खोडल्या, याला गणती नाही. प्रत्येक वाट ते माझ्याकडे तपासायला आणत. मागच्या महिन्यात मी वैतागून बोलून गेलो की भाऊ, पुस्तक तुमचं, नियम तुमचे, मोडा एखादा, कोण विचारायला बसलंय? ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. पंधरा दिवस बोलले नाहीत.

शेवटी मीच वावरात गेलो. भाऊ निंबाखाली एकटेच जुड्या बांधत होते, एक जाड तर एक बारीक. मी शेजारी बसलो आणि माफी मागितली. त्यांनी हातातली जुडी बांधून बाजूला टाकली. मग म्हणाले, "सर, तो सवाल माहा नाई. तिचा हाय."

एका दुपारी वहिनींनी त्यांना मध्येच थांबवून विचारलं होतं, तुमच्या जादूत मेलेलं माणूस वापस येते काय? भाऊंनी घटकाभर विचार केला आणि ऐटीत सांगितलं, नाही येत, कोणत्याच नियमात बसत नाही. वहिनी बरं म्हणाल्या आणि पुढची जुडी बांधायला घेतली. त्याच्या आठवडाभर आधी मुलीबरोबर अकोल्याला जाऊन त्या दवाखान्यातून आपला रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. बाबाला सांगू नको म्हणून मुलीला बजावलं होतं. भाऊंना कळलं तेव्हा वहिनींना बसायचीही ताकद उरली नव्हती.

मला माझीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "भाऊ, तुम्हाला कुठं माहीत होतं? आणि हो म्हणाला असतात, तरी काय बदललं असतं?"

"काईच नाई. लबाडी तिनं लगेच पकडली असती. म्हणून तं खरी वाट शोधून राह्यलो." त्यांनी हातातली जुडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. "पण त्या दिवसापासून तिनं एक शंका काढली नाई, सर. दोन अडीच महिने मी वाचत राह्यलो अन् ती गुपचूप आयकत राह्यली. अन् मी खूश होतो. मले वाटे, आता पुस्तकात चूकच राह्यली नाई."