लीलाअक्कांची जिलबी

आमच्या गल्लीत लीलाअक्का पोरांच्या मागून येतात आणि हळूच कुजबुजतात, "जिलबी जोयजे का?" पोर वळलं तर पुडीतली जिलबी मिळते. नाही वळलं, तर त्याच्या आईचं काही खरं नाही.

अक्का मूळच्या धरणगावच्या, धुळ्यात प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. तोंड उघडं ठेवून फिरणारं पोर दिसलं की चालती रिक्षा थांबवतील. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवालाच सांगितलं, "तोंड मिटून श्वास घे रे बाबा." आता बोला! आणि पोरांशी कुजबुजणारी ही बाई जळगावच्या लेकीशी फोनवर अशी ओरडते, की मध्ये फोन हवाच कशाला, असं आम्ही हसायचो.

माझी मिनू सहा वर्षांची. दर महिन्याला सर्दी, की लगेच कान ठणकायचा, वाहायचा. मी आपली लसणीचं तेल कोमट करून कानात ओतायची. माझ्या आईनं माझ्या कानात ओतलं, आजीनं आईच्या. त्यात शाळेतून तक्रार आली, मुलगी ऐकत नाही. दिले मीही दोन धपाटे.

एक दिवस अक्कांनी मिनूला मागून तीनदा जिलबी विचारली. मिनू ढिम्म. अक्का तरातरा माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि तेलाची वाटी मोरीत पालथी केली. चिडल्या की त्यांची शाळेतली मराठी गळून पडते आणि माहेरची अहिराणी सुरू होते.

"कानले काय तेल पाजस? रातले घोरस का पोर?"

"घोरते. बापावर गेलीय."

"बापले सोड! बठ्ठा दोष नाकना शे!"

मला असा राग आला! कान माझ्या पोरीचा वाहतोय आणि ही बाई सगळा दोष नाकाला देतेय. पण दुसऱ्या दिवशी अक्कांनी दारात रिक्षाच आणून उभी केली. डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. नाकाच्या मागे अ‍ॅडेनॉइड्स म्हणतात ती गाठ वाढलेली, म्हणून पोर तोंड उघडं टाकून घोरायची; त्याच गाठीनं कानाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड दाबलेलं. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं, म्हणून पोरीला ऐकूच येत नव्हतं. ते धपाटे आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन झालं. गाठ काढली, पाणीही काढलं. तीन आठवड्यांनी मिनू दारापुढच्या ओट्यावर खेळत होती. अक्का मागून आल्या. मी दारात, जीव मुठीत धरून.

"जिलबी जोयजे का?"

मिनू गर्रकन वळली. "दोन!"

अक्का मटकन ओट्यावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागल्या.

"माझी कुंदा एकदाही वळली नाही गं," त्या म्हणाल्या. "मी लोकांची पोरं शिकवत होते आणि घरच्या पोरीला हट्टी म्हणून मारत होते. तेल ओतत होते. कळलं तोवर एक कान गेला होता, दुसरा जेमतेम."

मग डोळे पुसून त्यांनी जळगावला फोन लावला आणि नेहमीसारख्या ओरडल्या, "कुंदे! मिनू वळनी वं माय!"

पलीकडे नीट ऐकू गेलं नसावं. अक्कांनी पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं.